नगावबारी, पातळी तीन

बत्तीस वर्षं धुळे डेपोत काढली.
शिरपूर, चोपडा, अक्कलकुवा, कधी रातची सुरत.
चढाला दुसरा गिअर कुठे टाकायचा
ते इंजिनच्या आवाजावरून कळायचं मला.
माझ्या छातीचा आवाज मात्र
डॉक्टरांनी कागदावर काढून दाखवेपर्यंत
ऐकू आला नव्हता.

दोन स्टेंट. सकाळ-संध्याकाळ गोळ्या. डावा गुडघा आधीच गेलेला.
मुलाने बॅटरीची सायकल आणून दिली,
हँडलवर काडेपेटीएवढी काच,
काचेत आकडा, शून्य ते पाच.
पहिल्या दिवशी पायडलवर पाय ठेवला
तर गाडी अशी उसळली
की शेजारच्या तारेवरची गोधडी घेऊनच थांबलो.

शमीम पिंजारीचं दुकान देवपुरात.
बापाची धनुकली टांगायची त्याच खिळ्याला
आता चाकं लटकतात.
तिने लॅपटॉपची वायर खुपसली, बघितलं, हसली.
"आप्पा, ही पोरांसाठी लावलेली आहे."
पहिली पातळी मऊ केली,
दुसरी-तिसरीतली उडी कमी केली,
मोटर हळूच हाताशी येईल असं काहीतरी.
पाचवी बंद करू का, म्हणाली.
राहू दे म्हटलं. असावी.

डॉक्टर म्हणाले होते, घड्याळातली नाडी बघू नका,
गोळी तिला दाबून धरते, ती खरं सांगणार नाही.
चढावर बोलत राहा.
बोलणं तुटलं की मदत वाढवा.

एकटा माणूस चढावर काय बोलणार?
मी थांबे म्हणत गेलो.
नगाव, देवभाने, सोनगीर, नरडाणा,
सावळदे, शिरपूर.
दोनवर सोनगीरला दम तुटायचा.
तीनवर नरडाणा ओलांडायचो.

मग एकदा जगतराव भेटला, माझा जुना कंडक्टर.
काचेकडे बघून म्हणे,
"मोटर शे ना? मंग पाय कसाले हालावस?"
आणि खी खी करून हसला.

दुसऱ्या दिवशी शून्यावर निघालो.
चैत्र, नऊ वाजताच डांबर मऊ.
नगावबारीला लागलो.
नगाव. देवभाने. सोन
आणि गीर आलंच नाही.

पेट्रोल पंपाच्या वॉचमनने सायकल धरली,
लिंबाखाली खुर्ची टाकली,
"बठा आप्पा, घाई काय शे?"
जिभेखाली गोळी ठेवून बसलो.
हा घाम उन्हाचा नव्हता.
समोरून लाल गाड्या जात होत्या, एकेक,
ड्रायव्हर सगळे नवीन.

तिथे बसून आठवलं, नरडाण्याच्या अलीकडची रात्र,
बॅटरी उतरलेली, गाडी ठार बंद.
बावन्न प्रवासी उतरले.
वऱ्हाडातला नवरदेवाचा मामा, एक मास्तर,
ऊसतोडीहून परतणारे चार पावरा पोरं, बायकासुद्धा,
सगळ्यांनी मागून खांदे लावले.
मी स्टिअरिंगवर.
क्लच सोडला, गाडी हुंकारली,
लोक टाळ्या वाजवत धावत चढले.
कुणी म्हणालं नाही,
धक्काच लागतो तर चाकं कसाले?
लाज तर मलाही वाटली नव्हती.
वेळेवर पोचलो, एवढंच डोक्यात होतं.

त्या दिवशी घरी चार पातळीवर आलो.
सुपडाबाईला काही सांगितलं नाही.
तिने शर्टाची पाठ बघितली आणि
रात्री डॉक्टरांना फोन लावला, माझ्यादेखत.

आता सपाटीला एक. पुलावर वारा समोरून असला तर दोन.
बारीला तीन, लाजत नाही.
लू वाहू लागली की सायकल काढतच नाही,
हे सुपडाबाईचं कलम.
शमीम महिन्यातून एकदा विचारते,
"कुठवर पोचलात?"
शिरपूर, म्हणतो. परवा सांगितलं, दहिवद.
तिने नुसती चेन पुसली.

वर पोचलो की आकडा शून्य करतो.
उताराला थांबे म्हणत नाही.